पहिल्या कोकराचा दगड

बिरूनं दगड फोडला. घराण्याचं नाक त्यानं आपल्याच हातानं कापलं, आणि तेही चिलमीच्या एका झुरक्यापायी. निदान त्याची बायको गोपिकाबाई तरी असंच सांगत होती, आणि एखादी गोष्ट गोपिकाबाई सांगू लागली की शहागडपासून घनसावंगीपर्यंत ती कुणाला कळायची राहत नसे.

हा दगड काही साधासुधा नव्हता. बोटभर लांब, मधाच्या रंगाचा, उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसावं असा. एक कड जाड, दुसरी अशी धारेची की नुसती फिरवली तरी अंगठ्यावर रेघ उमटायची. बिरूला तो बापाकडून मिळाला, बापाला त्याच्या बापाकडून. मेंढ्या व्यायला लागल्या की वर्षाचं पहिलं कोकरू बिरोबाचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, आणि त्याच्या कानाला लोखंड लावायचं नाही. आपलं जनावर ओळखू यावं म्हणून कोकरांच्या कानाला लहानशी खाच पाडतात. बिरूच्या घराची खाच डाव्या कानाला, खालच्या कडेला. पहिल्या कोकराची खाच या दगडानंच पाडायची. ती पडली की मग बाकीच्यांना चाकू लावा नाहीतर ब्लेड, देवाची ना नाही.

दगड आला कुठून? वीज पडली तेव्हा आभाळातून आला, असं बिरूचा बाप गोरक्षनाथ सांगायचा. गोरक्षनाथ मोठा कडक माणूस होता. दगड वर्षातून एकदाच फडक्यातून बाहेर काढायचा, तोही अंघोळ करून, आणि पोरांनी हात पुढं केला की त्या हातावर काठी बसायची.

आणि अशा बापाच्या पोटी बिरू! ऊस तुटून गेलेल्या रानात कळप बसवला होता, गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, बोचरा वारा सुटला होता. हायवेवरच्या टपरीत घेतलेला लायटर दमला आणि काडेपेटी दहिवरानं सादळली. चंचीत बापाच्या वेळची चकमक होती, म्हणजे लोखंडाचा तुकडा आणि सावरीचा कापूस. पण ठिणगी पाडायला गारगोटी लागते, ती कुठंतरी हरवलेली. मग बिरूची नजर फडक्यातल्या दगडावर गेली. तोही गारगोटीच की. एकदाच, म्हणाला. खट्ट आवाज झाला, चिलीम पेटली आणि दगडाचे तीन तुकडे घोंगड्यावर पडले. समोर कारभारी बसला होता. कारभारी त्याचा जोडीदार, दरवर्षी दोघांचे कळप एकत्र फिरायचे. त्यानं तुकड्यांकडं बघितलं, चिलमीकडं बघितलं आणि म्हणाला, "झुरका तरी वढ आता. एवढा म्हागाचा इस्तू कुनी पेटविला न्हाई आजवर."

झुरका काही बिरूच्या घशाखाली उतरला नाही.

दुसऱ्याच दिवशी पहिली मेंढी व्याली. मग दुसरी, मग चौथी-पाचवी. कोकरांचे कान कोरेच. पहिल्याला खाच नाही म्हणून मागच्यांनाही नाही. गोपिकाबाईनं जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून कोकरांच्या गळ्यात बांधल्या, तर सगळी पिल्लं लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. चिंध्या ती एकमेकांच्या चघळून टाकत ती गोष्ट निराळी.

"आवं, ब्लेडनं पाडा की खाच," गोपिकाबाई म्हणाली. "देव काय बघून राह्यला व्हय?"

"देव न्हाई बघत. दादा बघत्यात," बिरू म्हणाला. दादा म्हणजे गोरक्षनाथ, ज्यांना देवाघरी जाऊन कैक वर्षं झाली होती.

"पुढच्या महिन्यात कळप एक करायचेत," कारभारीनं बजावलं. "बिनखुणेचं कोकरू माझ्याकडं घुसलं तर मंग भांडू नगंस. माझं ते माझं."

हा खरा घोर होता. खाच पाडावी तर देवाच्या कोकराला लोखंड लागतंय, न पाडावी तर कळप मोडतोय. पण बिरूला रात्री झोप येत नव्हती ती त्याहून वेगळ्या कारणानं. एवढ्या पिढ्यांच्या हातांतून सलामत आलेली वस्तू आपल्या हातात येऊन संपली, हे त्याला सहन होत नव्हतं.

लेक शिवकन्या घनसावंगीजवळच्या झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. बापाचं तोंड उतरलेलं बघून ती म्हणाली, "आबा, उद्या पोरांची सहल घेऊन कॉलेजच्या संग्रहालयात चाललेय. आपल्या दगडासारखे दगड तिथं काचेत ठेवलेत. तुमी बी चला."

"काचेत ठेवलेत?" बिरू ताडकन उठून बसला. "म्हंजे वापरत न्हाईत."

"न्हाई वापरत."

"मंग एक देतील की."

तसे दगड कुणी देत नसतं हे शिवकन्याला ठाऊक होतं, तरी तिनं ताट पुढं सरकवलं. बाप दोन आठवड्यांत पहिल्यांदा भाकरीकडं हात नेत होता, त्याला कशाला अडवा.

संग्रहालय म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांब खोली. दारात बिरूनं वहाणा काढल्या, काठी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. ते बघून अर्ध्या पोरांनी बूट काढले, मग उरलेल्यांनीही काढले, आणि शिवकन्याला "अरे, देऊळ नाही हे!" म्हणून ओरडायचीही सोय राहिली नाही, कारण बाप पुढं होता. आत मडकी होती, मणी होते, नाणी होती. बिरूनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तो दगडांच्या काचेपाशी जाऊन उभा राहिला आणि हललाच नाही.

केवढे दगड होते! पिंपळपानाच्या आकाराचे काळे थोराड, मुठीत मावतील असे. त्यांच्या खाली लहान लहान पाती, पिवळी, तांबडी, दुधी. त्यांतली काही तर त्याच्या दगडाची सख्खी भावंडं वाटत होती.

"काय लिव्हलंय गं हितं?"

शिवकन्यानं वाचून दाखवलं, "हातकुऱ्हाड. गोदावरीकाठ. घडवणारा अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"कुणी केला ते माहीत न्हाई."

"केला?" बिरूनं लेकीकडं बघितलं. "दगड कोन करतंय, बाय? दगड येतो. वीज पडली की येतो."

"माणसानं केलाय, बाबा," मागून आवाज आला. सुमेधा मॅडम आल्या होत्या. अंबडच्या राहणाऱ्या, कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आणि ही खोली त्यांनी एकेक दगड वेचून उभी केली होती. "हा मोठा दगड काही लाख वर्षांपूर्वीचा असावा. तेव्हा शेती नव्हती, मेंढ्या पाळत नव्हते, लोखंड तर कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. माणूस गंगेच्या वाळवंटात बसला, त्यानं एका दगडानं दुसरा दगड हाणला आणि हवा तसा आकार काढला. ही खालची पाती त्या मानानं अलीकडची, दहा-बारा हजार वर्षांची म्हणा. यांनी माणसं कातडं सोलायची, मांस कापायची, लाकूड तासायची."

पोरं आ वासून ऐकत होती. बिरूनंही ऐकलं, पण त्याचं काम अडलं होतं. त्यानं घसा खाकरला. "म्याडम, त्यातला एक पिवळा द्या आमाला. आमचा फुटला."

सुमेधाबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. "देता येत नाही, बाबा. इथला प्रत्येक दगड सरकारदरबारी नोंदलेला आहे. माझ्या बापाला लागला तरी मी देऊ शकत नाही." बिरूचा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, "तुमचा फुटलेला आणलाय का? बघू तरी."

बिरूनं फडकं सोडलं. सुमेधाबाईंनी तिन्ही तुकडे खिडकीत नेले, भिंगाखाली धरले, उलटे केले, पालटे केले. बराच वेळ झाला. बिरूच्या मनात आलं, आता या सांगणार, बाबा, हा तर लाख वर्षांचा. आणि आपण म्हणणार, होय, आमच्या घरचा आहे.

"हा जुना नाही," त्या म्हणाल्या.

"आं?"

"काचेतली पाती बघा. साय धरलीय त्यांच्यावर. दगड हजारो वर्षं मातीत राहिला की त्याची चकाकी मरते, वर पांढुरकी कातडी चढते. तुमच्या दगडावर काहीच नाही. अगदी ताजा म्हणावा असा. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, पण शे-दोनशे वर्षांपलीकडचा मला तरी वाटत नाही."

गेल्या दोन आठवड्यांत बिरूनं काय काय गमावलं होतं ते तो मोजत बसला नाही, पण आधी दगड फुटला, मग तो आभाळातला नाही असं निघालं, आणि आता तो जुनासुद्धा नव्हता. म्हणजे एवढी वर्षं आपण कशापुढं हात जोडत होतो? त्यानं फडकं आवरायला घेतलं. "चल शिवे, जाऊ आपन."

"थांबा ना, बाबा. मी अजून सांगितलंच कुठं?" सुमेधाबाईंनी जाड कडेकडं बोट दाखवलं. तिथं एक इवलासा फुगवटा होता, मसुरीच्या डाळीएवढा. "हे बघा. दगडावर नेमका घाव घालून पापुद्रा सुटला की घावाच्या जागी असा फुगवटा येतो. काचेतल्या प्रत्येक पात्याला तो आहे. आपोआप येत नाही. आता सांगा, लाख वर्षांपूर्वीच्या माणसानं तर हा केलेला नाही. मग शे-दोनशे वर्षांत, गंगेकाठी, पहिल्या कोकराला लोखंड लावायचं नाही म्हणून दगडाची पाती कोण काढत असेल?"

शिवकन्याला आधी उमगलं. तिनं बापाचा दंड धरला. "आबा, आपल्यातलंच कुनीतरी."

"आपल्यातलं," बिरू हळूच म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "आमच्यातलं?"

"तुमच्या आज्याच्या आज्याला येत असेल. ज्या वर्षी दगड बोथट झाला त्या वर्षी नवा काढला असेल. मग कुणाच्या तरी वेळेला ते शिकवायचं राहून गेलं, आणि शेवटचा दगड तेवढा देव म्हणून जपला गेला."

विजेचा दगड म्हणून बिरूला जेवढा मान वाटत होता, त्याच्या दसपट मान आता वाटायला लागला. वीज काय, कुणाच्याही शेतात पडते. पण हे त्याच्या घरातल्या माणसाच्या हातचं होतं. त्या माणसाचं तोंड कसं असेल, त्याच्या पटक्याचा रंग कोणता असेल, कळायला मार्ग नव्हता. पण अंगठा इथं टेकवून त्यानं दगड धरला असणार, म्हणून बिरूनं आपला अंगठा तिथं टेकवून बघितला.

"आणि आणखी एक," सुमेधाबाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं. "या न फुटलेल्या कडेवर तांबूस रेघा दिसतात? गंज आहे. जुना. तुमच्या आधीही कुणीतरी या दगडावर लोखंड हाणलंय, आणि चांगलं पुष्कळदा."

बिरूनं बघितलं. मग त्याला आठवलं, ऐन वाऱ्या-वावटळीतसुद्धा दादांची चिलीम कधी विझलेली नसायची, आणि काडेपेटी त्यांच्याकडं कुणी बघितलेली नव्हती. "बाबौ!" तो ओरडला. "म्हंजे दादा बी?" आणि संग्रहालयात आजवर कुणी हसलं नसेल इतक्या मोठ्यानं तो हसायला लागला. काठीचे जेवढे वळ त्या दगडापायी त्याच्या हातावर उठले होते, त्या सगळ्यांचा हिशेब त्या हसण्यात चुकता झाला.

मागच्या अंगणात ताडपत्री अंथरली होती. सुमेधाबाई दर सहलीला पोरांना दगड फोडून दाखवायच्या. त्यांनी चष्मा चढवला, गंगेतली गारगोटी डाव्या हातात धरली, उजव्या हातात गोल गोटा. "मधोमध मारायचं नाही. जिथं कड आत उतरलीय, तिच्या अगदी जवळ. आणि जोर लावायचा नाही, वजन टाकायचं." टक् झालं आणि एक पापुद्रा सुटून ताडपत्रीवर पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "हे मला पुस्तकानं नाही शिकवलं हं," त्या म्हणाल्या. "माझी आजी प्रभावती बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायची. दगड कुठून सुटतो ते तिला नुसता हात फिरवून कळायचं. पुस्तकं वाचली ती नंतर."

बिरूनं चष्मा लावला, पटक्यावरून तो घसरायला लागला म्हणून कानामागं दोरीनं बांधला, आणि नारळ फोडावा तसा गोटा हाणला. गारगोटीचा चुरा झाला. दुसऱ्या गारगोटीचाही तसाच झाला. तिसरीचं तर नाव काढू नका. पण तो जाताना सुमेधाबाईंचा गोटा उसना मागून घेऊन गेला. तेवढा नोंदलेला नव्हता.

मग गंगेच्या वाळवंटात जे काही चाललं ते बघायला गावातलं कोण आलं नाही ते विचारा. बिरू सकाळी मेंढरं सोडायचा आणि घोंगडं गुडघ्यावर घेऊन दगड फोडत बसायचा. अंगठा कापला, त्याला गोपिकाबाईनं हळद भरली आणि वर चार शब्दही भरले. "म्हातारपनी खडी फोडायला लागले! लेकीच्या नादानं येडं झालं मानूस." कारभारी म्हणाला, "बिरू, सडकंवर कामाला जा, रोजगार तरी मिळंल." बिरू ऐकायचा आणि दगड फिरवून कड शोधायचा. काही गारगोट्या आतून भेगाळलेल्या असतात, त्या हाणल्या की भुगा होतो. आधी नुसता टकटक करून बघावं, घुमला तर घ्यावा, बद्द वाजला तर टाकावा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मडकं घेताना वाजवून बघतो तसं त्यानं वाजवून बघितलं, एवढंच.

आणि मग एक दिवस, ऊन कलताना, आवाज निराळा आला. काच तडकावी तसा, बारीक आणि स्वच्छ. बिरूच्या तळव्यात एक पातं पडलं. बोटभर लांब, मधाच्या रंगाचं. त्यानं ते मावळतीकडं धरलं. पलीकडचं बोट दिसलं. जाड कडेला अंगठा फिरवला, तर तिथं मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा होता.

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "गोपे!" त्यानं हाक मारली. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची त्याची ही पहिलीच वेळ. ती भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, काय कापलं म्हणून. बिरूनं पातं तिच्यापुढं धरलं. ती बघत राहिली, मग म्हणाली, "त्योच हाय जनू." आणि एरवी खंड नसणारं तिचं तोंड बराच वेळ बंद राहिलं.

दुसऱ्या दिवशी बिरूनं अंघोळ केली. देवाचं कोकरू गोपिकाबाईनं मांडीवर धरलं. खाच पडली ती अशी, की कोकरू ओरडायचं विसरलं. मग त्यानं गळ्यातली चिंधी तेवढी चघळली. बाकीच्यांना चाकू लावायची मोकळीक होती, तरी बिरूनं सगळ्यांचे कान त्याच पात्यानं केले, आणि दुपारपर्यंत कारभारी शेजारी उकिडवा बसून विचारत होता, "कुठं मारायचं म्हनलास? मधी न्हाई ना?"

"मधी बिलकुल न्हाई," बिरू म्हणाला. "वजन टाकायचं, जोर न्हाई." आणि त्यानं त्याच्या हातात गोटा दिला.

महिनाभरानं सुमेधाबाईंचा निरोप आला. जुने तुकडे आणि एक नवं पातं काचेत ठेवायला द्याल का? बिरू धुवट धोतर आणि नवा पटका घालून गेला, बरोबर इरकली लुगडं नेसलेली गोपिकाबाई. दोघांनी दारात वहाणा काढल्या. चिठ्ठ्या तयार होत्या, शिवकन्यानं वाचल्या. जुन्या तुकड्यांपुढं लिहिलं होतं, 'घडवणारे देवकते घराण्यातले पूर्वज.' नव्या पात्यापुढं, 'घडवणारा बिरू गोरक्षनाथ देवकते.' बिरूनं अक्षरांवरून, काचेवरून, बोट फिरवलं. बापाचंही नाव त्यात आलं होतं, हे बघून त्याला जास्त बरं वाटलं.

मग तो शेजारच्या काचेकडं वळला. ते काळे थोराड दगड तिथं तसेच होते.

"यांच्यापुढं अजून तेच लिव्हलंय का? अज्ञात?"

"हो बाबा. नाव कुणाला माहीत नाही ना."

बिरू काचेवर वाकला. महिनाभर दगड फोडल्यावर ते घाव त्याला आता वाचता येत होते. हा इथं चुकला, मग इथून सावरला, हा शेवटचा घाव त्यानं बेतानं घातला. "म्याडम, आमच्या घरात एका पिढीनं सांगायचं सोडलं तर दगड आभाळातून आला झाला. ह्यांना अज्ञात म्हनू नका. नाव माहीत न्हाई, पन गाव तर माहीत हाय? हेच गाव. हीच गंगा."

सुमेधाबाईंनी टेबलाचा खण उघडला, कोरी चिठ्ठी घेतली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'घडवणारा आपल्या गंगेकाठचा माणूस.' चिठ्ठी बदलून त्यांनी काच लावली.

परतीच्या जीपमध्ये माणसं दाटीनं बसली होती. गोपिकाबाईनं जीप सुटायच्या आधीच सुरुवात केली होती. कॉलेजात काच काय, चिठ्ठी काय, तिच्यावर नाव काय. शेवटी ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, "पर मावशी, काकानं केलं काय एवढं?"

गोपिकाबाईनं पदर सारखा केला, मान ताठ केली आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं सांगितलं, "दगड फोडला त्यांनी. दगड."